वर्तणूक चांगली

दर मंगळवारी ऑफिस सुटलं की मी घरी न जाता उलट्या दिशेला गाडी वळवायचो, आणि पहिल्या सिग्नलपाशी स्वतःलाच शिव्या द्यायचो. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावाहून मला जायचं असायचं ते कॉलेज पाऊण तासावर होतं. दिवसभर औषधांच्या कारखान्यात कागद तपासून डोळे चुरचुरत असायचे, पोटात नुसती मशीनची कॉफी, आणि समोर हायवेवर गाड्यांची रांग. दोन हजार तीनच्या शरद ऋतूपासून जवळजवळ चार वर्षं मी हे केलं. असली कामं माणूस उत्साहानं करतो असा लोकांचा समज असतो. मी तरी ती दमून केली.

सुरुवात झाली ती मला नाही म्हणता आलं नाही म्हणून. आमच्या कंपनीत एक पत्रक आलं होतं. जवळच्या सरकारी कॉलेजात, ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही अशा काळ्या-सावळ्या तरुणांसाठी एक उपक्रम चालायचा. अभ्यास, पुढारपण, पुढची नोकरी, या सगळ्यात त्यांच्या पाठीशी उभं राहायला मार्गदर्शक हवे होते. पत्रकात 'मेन ऑफ कलर' असा शब्द होता. मीटिंगमध्ये साहेबांनी तो वाचला आणि सगळ्यांच्या नजरा हळूच माझ्याकडे वळल्या. माझ्या लग्नाच्या टिपणात 'वर्ण निमगोरा' असं लिहिलं होतं, आणि तेसुद्धा वडिलांनी जरा हात सैल सोडून. इथं एका मिनिटात माझा निकाल लागला. मी हात वर केला.

"घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या," बायको म्हणाली. "इथं लॉन मो करायला तुम्हाला टाइम नसतो."

तिचं खरं होतं. पण तेव्हा आमचा मुलगा नुकताच पदवीनंतरचं शिकायला बाहेर पडला होता, घर संध्याकाळी फार शांत असायचं, आणि आम्ही दोघं एकमेकांना तेच तेच प्रश्न विचारायला लागलो होतो. त्यामुळे तिनं फार अडवलं नाही.

माझ्या वाट्याला आलेला तरुण रसायनशास्त्र शिकत होता. रुंद खांद्यांचा, काळाभोर, शर्ट नेहमी नीट खोचलेला. आई शाळेची बस चालवायची. शनिवार-रविवार तो एका सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला ट्रक उतरवायचा. पहिल्या दिवसापासून त्यानं मला 'सर' म्हणायला सुरुवात केली, कारण त्या भागात वडीलधाऱ्यांना सर आणि मॅडम म्हटल्याशिवाय आया मुलांना जेवू घालत नाहीत. ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे मला पहिल्या नावानं हाक मारायचे, तेही चुकीच्या उच्चारात. इतक्या वर्षांनी कुणीतरी सर म्हणालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझी मदत म्हणजे लाल पेन. तो प्रयोगवही आणायचा, निबंध आणायचा, रेझ्युमे आणायचा, आणि मी चुका काढायचो. ते मला येतं, कारण माझ्या पोटापाण्याचा धंदाच तो. गोळ्यांची प्रत्येक खेप कारखान्यातून बाहेर पडण्याआधी तिचे कागद माझ्या टेबलावर यायचे. शेवटच्या पानावर दोनच शेरे लिहिता येतात, समाधानकारक किंवा असमाधानकारक. खेप उत्कृष्ट आहे, बघून ऊर भरून आला, असं कुणी लिहीत नाही.

आणि त्याच्या आधीपासूनचं वळण वडिलांचं. ते गावच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक. शाळा सोडल्याचा दाखला ते स्वतःच्या हातानं भरायचे. प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली. यापलीकडे त्यांनी कुणालाही काही लिहिलं नाही, मलाही नाही. दहावीत मी केंद्रात पहिला आलो तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. हुरळून जाऊ नकोस." मग चपला घालून बाहेर गेले, आणि शेजारच्या काकांच्या ओट्यावर तासभर माझंच कौतुक करत बसले, हे मला काकूंकडून पुष्कळ वर्षांनी कळलं. आमच्याकडे कौतुक असंच व्हायचं, माणसाच्या पाठीमागे. तोंडावर केलं की पोर बिघडतं.

मीही तेच करत होतो. दुसऱ्या वर्षी एकदा त्या तरुणानं मला त्याची प्रयोगवही दाखवली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला वजनकाटा रोज दुपारी थोडंसं चुकीचं वजन दाखवायचा. सगळी मुलं आकडे जमवून मोकळी होत होती. यानं आठवडाभर वेळा लिहून काढल्या आणि शोधलं की दुपारी एसी सुरू झाला की वरच्या झरोक्यातला वारा थेट काट्यावर येतो. मग शिक्षकांना, सर, सर करत, वही उघडून दाखवलं. काटा तिथून दुसरीकडे हलवला गेला. माझ्या हाताखाली पदव्या घेतलेली माणसं होती, त्यांना हे सुचलं नसतं. माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला. मी म्हणालो, "नॉट बॅड. तिसऱ्या पानावर तारीख राहिलीय."

त्यानं तारीख टाकली.

त्या रात्री जेवताना मी बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. पुढे त्यानं पहिल्या वर्षाच्या मुलांना शनिवारी सकाळी, स्वतःच्या कामावर जाण्याआधी, गणित शिकवायला सुरुवात केली. मावशीची व्हॅन मागून घेऊन तो त्यांना घरून उचलून आणायचा, कारण ती मुलं आपणहून उठत नसत. तेही मी बायकोला सांगितलं. वरणभाताबरोबर तिनं त्या तरुणाचं चरित्रच ऐकलं म्हणा ना.

"हे तुम्ही त्याला सांगितलंत का?" तिनं विचारलं.

"कशाला? हरभऱ्याच्या झाडावर चढवायचंय का त्याला?"

तिसऱ्या वर्षी एक संधी आली. दुसऱ्या राज्यातली एक मोठी कंपनी निवडक विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात बोलावून प्रशिक्षण द्यायची आणि पदवी मिळाली की थेट वरच्या वाटेला लावायची. म्हणजे प्रयोगशाळेत नळ्या धुण्यापासून सुरुवात नाही, पहिल्यापासून माणसं सांभाळायची, निर्णय घ्यायचे. अर्ज तिसऱ्या वर्षालाच करता यायचा, एकदाच. त्याला ते फार हवं होतं. एरवी स्वतःबद्दल न बोलणारा तो त्या मंगळवारी दोनदा म्हणाला, "सर, हे झालं तर आईला पहाटेची बस सोडता येईल." अर्जाबरोबर मार्गदर्शकाचं शिफारसपत्र लागणार होतं.

एका रविवारी सकाळी मी ते लिहायला बसलो. वाटेल ते खरडलं असं कुणी म्हणू नये म्हणून सांगतो, तीन तास घेतले. एकेक शब्द तोलला. दोन परिच्छेद झाले. उमेदवार नियमित व वक्तशीर आहे. त्याची प्रगती समाधानकारक आहे. योग्य मार्गदर्शन मिळाल्यास तो पुढे चांगलं काम करील. आणि शेवटी, माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे. इंग्रजीत ते फार भारदस्त दिसत होतं. वडिलांनी वाचलं असतं तर मान डोलावली असती असं मला वाटलं.

पाकीट मी चिकटवलं नाही. माणसाबद्दल जे लिहायचं ते त्याला दाखवता आलं पाहिजे, हाही वडिलांचाच नियम. त्यानं पाकीट घेतलं, थँक यू, सर म्हणाला आणि बॅगेत वहीच्या पानांमध्ये जपून ठेवलं. ते उपक्रमाच्या ऑफिसात नेऊन द्यायचं काम त्याचंच होतं.

मुलाखतीला त्याला बोलावलं. नंतर नकार आला. पुढच्या मंगळवारी त्यानं मला एका वाक्यात सांगितलं आणि वही उघडली. "होतं असं," मी म्हणालो. आम्ही तासभर समीकरणं सोडवली.

त्यानंतरच्या आठवड्यात उपक्रमाच्या मुख्य बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. उंच, कृष्णवर्णीय, पूर्वी शाळेच्या प्रिन्सिपल होत्या. टेबलावर माझ्या पत्राची प्रत होती. अर्ज त्यांच्या सहायकानं पाठवला होता, त्यांनी तो आत्ता, नकार आल्यावर पाहिला होता.

"तुमचं आणि त्याचं काही बिनसलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. का?"

"मग हे काय आहे?"

मी म्हणालो की हे शिफारसपत्र आहे. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"तुम्हाला तो कसा वाटतो? कागदावर नको. मला सांगा."

मी सांगितलं. वजनकाटा, व्हॅन, शनिवारची मुलं. माझ्या हाताखालच्या कुणाहीपेक्षा तो सरस आहे हेही सांगितलं. बोलता बोलता माझाच आवाज चढला.

"यातलं इथं काय आहे?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी पाहिलं. काहीच नव्हतं.

"बाकीच्यांच्या पत्रांत काय असतं माहीत आहे? असा विद्यार्थी आयुष्यात पाहिला नाही, असं प्रत्येक जण लिहितो."

"म्हणजे खोटं लिहितात," मी म्हणालो.

"थोडं खोटं लिहितात. तुम्ही तुमचं खरं कुठे लिहिलंत?" मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे. माझ्या माहितीप्रमाणे वर्तणूक चांगली. हे कुणी विचारलं होतं? तो कसा दिसतो, कुठून येतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्यासारख्या मुलाबद्दल हे वाचून समोरच्याला काय वाटेल? की या गृहस्थांना काहीतरी कानावर आलंय आणि ते आपले हात झटकून घेतायत."

आमच्या देशात दाखल्यावर हे लिहावंच लागतं, न लिहिलं तर संशय येतो, असं मी समजावायला लागलो आणि अर्ध्यात थांबलो. त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त दमलेल्या दिसल्या. माझ्यासारखे कितीतरी भले लोक त्यांनी या खुर्चीत पाहिले असणार. "त्याला तुम्ही सांगा," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी ती प्रत बायकोपुढे ठेवली. तिनं उभ्याउभ्या वाचली.

"अहो, हे लेटर आहे की लिव्हिंग सर्टिफिकेट?" ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून खाली बसली. "त्याला सांगणार कसं? तुम्हाला चांगलं बोलायची सवयच नाही. आधी घरात प्रॅक्टिस करा."

तिनं ते चिडवायला म्हटलं होतं, पण मला ते पटलं. मुलगा तेव्हा नुकताच पार पश्चिम किनाऱ्याकडे, बेलव्ह्यूला, सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला होता. कामावर त्यानं काहीतरी मोठं केल्याचं बायकोकडून कानावर आलं होतं. रविवारी मी आपणहून फोन लावला. एरवी तिचं बोलून झालं की शेवटची दोन मिनिटं माझ्या वाट्याला यायची.

"तुझं प्रोजेक्ट चांगलं झालं म्हणे," मी म्हणालो. "मला फार अभिमान वाटतो तुझा."



"बाबा? इज एव्हरीथिंग ओके? आई ठीक आहे ना?"

"आई ठीक आहे. इथंच आहे."

"देन व्हॉट हॅपन्ड? डिड यू गो टू द डॉक्टर?"

"नाही रे. सहज म्हटलं."

"ओके," तो म्हणाला, आणि मग जरा वेळानं, "थँक्स, बाबा." पण आवाजातली काळजी गेली नव्हती. लगेच त्यानं आईला फोन द्यायला सांगितलं, आणि ती त्याला बराच वेळ समजावत होती की बाबांना खरंच काही झालेलं नाही. मी कपडे घड्या करायच्या निमित्तानं आतल्या खोलीत जाऊन बसलो. मुलगा एवढा मोठा झाला, आणि माझ्या तोंडून चांगला शब्द आला की त्याला आजारपणाची शंका येते. मला फार वाईट वाटलं.

मंगळवारी मी तासभर आधी पोचलो. तो आल्यावर त्याला वही उघडू दिली नाही. सगळं सांगितलं. माझं पत्र वाईट होतं, चूक माझी होती, तुझी नव्हती. मी ते वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं, पण त्यानं तुझं नुकसान झालं. हे एवढं बोलायला मला बराच वेळ लागला.

तो टेबलाकडे बघत होता.

"मी वाचलं होतं, सर," तो म्हणाला. "पाकीट उघडं होतं. पार्किंग लॉटमध्ये बसून वाचलं."

"मग दिलंस कशाला? मला विचारायचं नाही का?"

"मला वाटलं, तुम्ही दिवसभर तेच काम करता. कुठलं औषध चांगलं, कुठलं नाही, ते तुम्हाला कळतं. तुम्ही तीन वर्षं मला बघताय. म्हणजे मी तेवढाच असणार."



"मुलाखतीत त्यांनी विचारलं, आम्ही तुलाच का घ्यावं," तो पुढे म्हणाला. "मी तुमचंच सांगितलं. मी वक्तशीर आहे, आणि मार्गदर्शन मिळालं तर चांगलं काम करीन."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. कागदावरची चूक मला कळली होती. ती कागदावरून उठून या पोराच्या आत जाऊन बसली असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्र वाचून त्यांनी त्याला घेतलं नाही की त्याचं उत्तर ऐकून, हे मला कधीच कळणार नव्हतं, आणि दोन्हीकडे शब्द माझेच होते.

मी त्याला तेव्हा सांगितलं. वजनकाट्याबद्दल माझ्या अंगावर काटा आला होता हे सांगितलं. शनिवारच्या मुलांबद्दल सांगितलं. मी तुझ्याबद्दल दर मंगळवारी जेवताना बोलतो आणि माझी बायको तुला न बघता ओळखते, हेही सांगितलं. तो ऐकत होता, पण एखादा अनोळखी माणूस चुकून दुसऱ्याचंच पार्सल दारात घेऊन आला की आपण जसे बघतो, तसं बघत होता. शेवटी म्हणाला, "थँक यू, सर," आणि वही उघडली. त्याचा विश्वास बसला नव्हता. बसावा तरी का. तीन वर्षं एक सांगितलं आणि एका संध्याकाळी दुसरं.

नवं पत्र मी लिहिलं, तीन पानांचं. बाईंनी त्या कंपनीला फोन करून पाहिला. त्यांची निवड आधीच पूर्ण झाली होती, आणि पुढच्या वर्षी तो अर्ज करू शकणार नव्हता. ती वाट बंद झाली ती झालीच. उन्हाळाभर त्यानं ट्रक उतरवले.

मग शेवटचं वर्ष. मी पुन्हा दर मंगळवारी उलट्या दिशेला गाडी वळवत होतो. आता लाल पेन बॅगेतच राहायचं आणि आम्ही मुलाखतीची तालीम करायचो. मी टेबलाच्या पलीकडे बसून विचारायचो, "आम्ही तुलाच का घ्यावं?" आणि तो पाठ ताठ करून म्हणायचा, "मी वक्तशीर आहे, सर." मी म्हणायचो, "ते सोड. काट्याचं सांग." तो सांगायचा, पण मध्येच आवाज खाली यायचा आणि वाक्याच्या शेवटी 'मार्गदर्शन' डोकावायचं. महिनेच्या महिने गेले. हे त्याच्या डोक्यात घालणारे दोन परिच्छेद लिहायला मला तीनच तास लागले होते. काही मंगळवारी मला वाटायचं, जाऊ दे, आता हे आपल्याच्यानं होत नाही. बरोबरीचे बरेचसे मार्गदर्शक केव्हाच यायचे थांबले होते, आणि त्यांना मी दोष देत नाही.

वसंतात, पदवीच्या थोडं आधी, एका दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला. तोच होता. तासाभराच्या अंतरावरच्या एका लहान कारखान्यात त्याला नोकरी मिळाली होती. प्रयोगशाळेत, अगदी खालच्या पायरीवर, पाळीची. ज्या वाटेला तो जाऊ शकला असता ती ही नव्हे, हे त्यालाही ठाऊक होतं.

"त्यांनी विचारलं का, तुलाच का घ्यावं?" मी म्हणालो.

"विचारलं, सर. मी काट्याचं सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं."

"नॉट बॅड," मी म्हणालो.

तोंडातून गेलं. सवय ती.  मी खुर्ची सोडून उठलो, दार लावून घेतलं, आणि फोन दोन्ही हातांत धरून बाकीचं बोललो. तू मिळवलंस ते तुझ्या बुद्धीनं मिळवलंस. याहून मोठी जागा तुझी होती, ती माझ्यामुळे गेली. माझ्या सगळ्या नोकरीत मी तुझ्यासारखा माणूस पाहिला नाही. हे मी थोडंही खोटं बोलत नाही.



"सर," मग तो म्हणाला, "हे पुन्हा एकदा सांगाल का? आई आत्ताच बस लावून आलीय. तिला फोन देतो."

मी त्याच्या आईला कधी भेटलो नव्हतो. टेबलावर त्या दिवशीच्या खेपेचे कागद शेऱ्यासाठी वाट बघत पडले होते. मी पहिल्यापासून सुरुवात केली, वजनकाट्यापासून, आणि काहीही गाळलं नाही. त्या मधूनमधून फक्त 'येस, सर' म्हणत होत्या.